दादाने वड हलवला
रस्त्याचं काम दादाला मिळालं तेव्हा आमच्या घरी पेढे आले. लातूरहून नांदेडला जाणारा जुना रस्ता चौपदरी होणार होता. आमच्या शिवारालगतच्या तुकड्याची खोदाई, भराव आणि झाडांचे बुंधे काढायचं काम रस्त्याचा ठेका घेतलेल्या मोठ्या गुत्तेदाराने माझ्या थोरल्या भावाकडे सोपवलं होतं. दादाकडे खोदाईच्या दोन पोकलेन होत्या. एक नवी आणि एक इतकी जुनी की तिचा आवाज गावातली लहान पोरंही ओळखायची. वहिनीने पहिला पेढा बाबांच्या हातावर ठेवला. बाबांनी तो सावकाश खाल्ला आणि विचारलं, "झाडं तूच पाडणार का?"

"न्हाई बाबा," दादा म्हणाला. "झाडं लाकूडवाले तोडून नेणार. म्या मागं ऱ्हायलेले बुंधे काढणार."

बाबांनी नुसती मान हलवली. ते बांधकाम खात्यात मैलकुली होते. याच रस्त्याचा एक तुकडा त्यांच्या ताब्यात होता. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, झाडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारायचे आणि उन्हाळ्यात नव्या रोपांना पाणी घालायचं, हे त्यांचं काम. शाळेच्या सुट्टीत आम्ही भावंडं त्यांची भाकरी घेऊन जायचो, तेव्हा ते सायकलच्या दोन्ही बाजूंना डबे अडकवून कुठल्या तरी शेतातल्या विहिरीवरून पाणी आणत असायचे. आमच्या फाट्यापासून पुलापर्यंतची कडुनिंबाची रांग त्यांच्या हातची होती. तिच्या सावलीतून मी पुढे कितीतरी वर्षं एसटीने नांदेडला शिकायला आणि मग शिकवायला गेले.

तरी रस्ता मोठा व्हायला पाहिजे यावर आमच्या घरात दुमत नव्हतं. आमची आई त्याच रस्त्यावर गेली. तिच्या छातीत कळ आली तेव्हा दादाने शेजारच्यांची जीप काढली आणि तिला मागच्या सीटवर माझ्या मांडीवर निजवून आम्ही नांदेडकडे निघालो. गाळपाचे दिवस होते. पुढे उसाचे ट्रॅक्टर, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, आणि समोरून येणाऱ्या गाड्या. पुढे काढायला जागाच नव्हती. दादा हॉर्न वाजवत होता. एक ट्रॅक्टरवाला खाली उतरून हात जोडून म्हणाला, घेऊ कुठं, बाजूला नाली हाय. त्याचाही काही दोष नव्हता. नांदेडच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. दादा त्यानंतर रस्त्याबद्दल फारसं बोलला नाही, पण चौपदरीची बातमी आली तेव्हा त्याने ते काम मिळवण्यासाठी जिवाचं रान केलं.

काम सुरू झालं आणि महिन्याभरात ओळखीचा रस्ता अनोळखी झाला. करवतीवाले आले की एक एक झाड आडवं व्हायचं, फांद्या ट्रकमध्ये, खोड दुसऱ्या ट्रकमध्ये, आणि जमिनीत पांढरट पिवळा बुंधा उरायचा. मग दादाची पोकलेन यायची. मी रोज एसटीच्या खिडकीतून बघत होते. जिथे सावलीचे पट्टे पडायचे तिथे आता सबंध ऊन होतं आणि बसमधले लोक पडदे ओढून घेऊ लागले होते.

कडुनिंबाच्या रांगेची पाळी आली त्या दिवशी बाबा म्हणाले, मला न्या. दादाला ते नको होतं. वहिनीनेही सांगून पाहिलं की धूळ लई उडते, तुम्हाला खोकला होईल. ते ऐकेनात. शेवटी दादाने कामाच्या जागेपासून थोडं लांब प्लास्टिकची खुर्ची टाकली, त्यांना बसवलं, आणि तो मशीनवर चढला. रविवार होता म्हणून मीही होते. दादाने पहिल्या बुंध्याभोवतीची माती काढली आणि हात थांबवला. बाबांकडे बघत राहिला. इंजिन चालूच होतं. बाबांनी बसल्या जागेवरून हाताने खूण केली, काढ. ते दुपारपर्यंत तिथे बसले. जेवायला घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "मुळं लई खोल गेली व्हती. बरं झालं बघितलं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखाद्या लेकराची उंची किती वाढली हे सांगावं तसं ते बोलले. दादा मात्र ताट अर्धवट टाकून उठला.

फाट्यावरचा वड तेवढा शिल्लक होता. तो बाबांच्याही आधीचा. कुणी लावला ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्याखाली एसटीचा थांबा होता, शेंदूर लावलेला एक दगड होता आणि एका मावशीचं चहाचं टपरं होतं. मावशी म्हणजे आख्ख्या फाट्याची मावशी. नवरा लवकर गेला, आणि तिने या टपरीवर दोन लेकींची लग्नं केली. वड कामाच्या अगदी मधोमध येत होता. त्याच्या पलीकडे उड्डाणपुलाचा भराव सुरू होणार होता, म्हणून त्याची पाळी शेवटी ठेवली होती.

एका संध्याकाळी मी बसमधून उतरले तर फाट्यावर इतका कलकलाट होता की कानावर हात ठेवावेसे वाटले. साळुंक्या, पोपट, कावळे, बगळे, सगळे त्या एकाच झाडावर उतरत होते. एका फांदीवर जागा मिळेना म्हणून बगळे कावळ्यांना हुसकत होते, पोपट उडून पुन्हा तिथेच येत होते. दादा खाली मोटारसायकलला टेकून वर बघत उभा होता. मी जवळ गेले तरी त्याचं लक्ष नव्हतं.

मावशी चहा गाळता गाळता म्हणाली, "रोजचंच हाय हे आता. गिऱ्हाईक काय मागतंय ते मला ऐकू येईना. पुलापासनं इथपर्यंतची सगळी पाखरं ह्या एका झाडावर येऊन राहिली."

दादाने चहा घेतला नाही. घरी जाताना मी त्याच्या मागे बसले होते. वाटेत त्याने मला विचारलं, "वडाचं झाड हलवता येतं का गं? तू कॉलेजात हायेस, कुणाला तरी विचार."

मी इतिहास शिकवते, झाडांचं मला काही कळत नाही. पण आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी परभणीच्या एका प्राध्यापक बाईंचा फोन मिळवून दिला. बाई फोनवर आधी हसल्या. मग म्हणाल्या, रस्त्याचा माणूस स्वतःहून विचारतोय असा पहिलाच फोन आला. वड जगू शकतो, त्यांनी सांगितलं, पण घाई केली तर नाही. आधी एका बाजूने चर खणून मुळं छाटायची, ओल्या मातीने झाकायची, नवी बारीक मुळं फुटू द्यायची. काही आठवड्यांनी दुसरी बाजू. पाखरांची पिल्लं घरट्यात असतील तोवर फांद्यांना हात लावायचा नाही. आणि नेताना मुळांभोवतीचा मातीचा गड्डा फुटू द्यायचा नाही.

दादा साइटवरच्या इंजिनिअरांना भेटला. मी बरोबर गेले नव्हते, त्याने नंतर सांगितलं. साहेबांनी नकाशा पुढे केला आणि म्हटलं की रस्ता एक फूटही सरकणार नाही. दादा म्हणाला, रस्ता सरकवू नका, झाड मीच सरकवतो. साहेबांनी नकाशा गुंडाळला. मग म्हणाले, ठीक आहे, फाट्याचं काम मी आणखी पुढे ढकलतो, परवानगीचं बघतो, पण ते वेळेत हललं नाही तर करवत येईल. आणि याचा खर्च कुणी देणार नाही. दादा म्हणाला, हाव, चालतंय.

जागेचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. आमच्या बुद्धविहाराच्या पटांगणात द्यायला सगळे तयार होते, पण तिथे एवढं झाड मावलं नसतं. शाळेच्या मैदानावर नवीन खोल्या होणार होत्या. रस्त्याकडेच्या शेतांचे तर केव्हाच प्लॉट पडले होते. जिथे आम्ही लहानपणी हरभरा ओरबाडून खाल्ला तिथे आता चुन्याच्या रेघा आणि रंगीत झेंडे होते. अखेर पाझर तलावाकाठची गायरानाची पट्टी उरली. सरपंच बाई किराणा दुकान चालवायच्या, दर सोमवारी शिवाच्या दर्शनाला न चुकता जाणाऱ्या. त्यांनी दुकानात बसल्या बसल्याच दादाला सांगितलं की ठराव मी करते, पण गावातल्या लोकांना तूच समजव.

लोकांची हरकत त्या शेंदराच्या दगडावरून होती. देवाचं झाड उपटलं तर गावावर काही तरी येईल, असं पारावर बोललं जाऊ लागलं. त्यात आमचं घर कुठल्या गल्लीतलं हेही कुणी कुणी हळूच काढलं. दादा ते ऐकून घेत होता. ग्रामसभेत तो खाली मान घालून बसला होता. तेव्हा मावशी उठली. तिचं तर यात नुकसानच होतं, वड गेला की टपरीचं गिऱ्हाईक जाणार.

ती म्हणाली, "त्या दगडाला रोज सकाळी पाणी म्या घालते. तुमच्यातलं कुणी आलं नाही कधी. झाड जाईल तिकडं देव जाईल. करवत लावली तर मंग कुठं जाईल, ते सांगा."

सरपंच बाईंनी ठराव वाचला.

पुढचे काही महिने दादाने दिवसा रस्ता केला आणि सकाळ-संध्याकाळ वड. चर मशीनने नाही, माणसांनी खणला. कापलेल्या मुळांवर शेण आणि काळ्या मातीचा लेप दिला, गोणपाटं गुंडाळली, ती भिजती ठेवली. बाबा खुर्ची घेऊन तिथे येऊन बसायला लागले. ते सूचना देत नसत. गोणपाट कोरडं दिसलं की उठून मगाने पाणी मारायचे, एवढंच. परभणीच्या बाई एकदा येऊन गेल्या. त्यांनी चरात उतरून माती बोटांनी बाजूला केली आणि दादाला बोलावून दाखवलं. छाटलेल्या मुळाच्या टोकाला पांढऱ्या दोऱ्यांसारखी बारीक मुळं फुटली होती. माझा भाऊ, ज्याने आयुष्यभर मुळं उपटली, तो चरात उकिडवा बसून ती बघत होता. मी वरून त्याचा चेहरा पाहिला. असा चेहरा त्याची पहिली मुलगी झाली तेव्हा पाहिला होता.

वड हलवायच्या दिवशी मी रजा घेतली. नांदेडहून दोन क्रेन आल्या, मुदखेडकडून एक लांबलचक ट्रेलर आला. लाइनमननी वाटेवरच्या तारा उतरवल्या, म्हणून गावातली वीज बंद होती आणि सगळं गाव रस्त्यावर. फांद्या छाटलेल्या, कापांवर मातीचे लेप, खाली घराएवढा मोठा मातीचा गड्डा जाळीत आणि गोणपाटात बांधलेला. मधलं मूळ मात्र अजून जमिनीत होतं. पोकलेनने ओढलं असतं तर ते चिरलं असतं. दादाने करवत मागवली आणि स्वतः खड्ड्यात उतरला. त्याने ते मूळ सरळ, स्वच्छ कापलं.

क्रेनने भार घेतला तेव्हा एक पट्टा सरकला आणि झाड एका अंगाला कललं. माणसं मागे पळाली. बाबा जीपमध्ये बसले होते, ते दार उघडून खाली उतरले. दादाने दोन्ही हात वर करून क्रेनवाल्याला थांबवलं, गड्ड्याभोवती एक फेरी मारली, पट्टा पुन्हा बसवून घेतला आणि मग हळू, हळू, अशी नुसती बोटांनी खूण करत राहिला. झाड जमिनीपासून सुटलं तेव्हा बायांनी हात जोडले.

गावातून तलावाकडे जायला सारी सकाळ गेली. ट्रेलर माणसाच्या चालीने चालत होता. मारुतीच्या देवळाजवळच्या वळणावर खोडातल्या एका ढोलीतून पिंगळा बाहेर आला. एवढ्या गोंधळात तो आतच बसून राहिला होता. त्याने मान फिरवून सगळ्यांकडे पाहिलं आणि समोरच्या बाभळीवर जाऊन बसला. पोरं त्याच्यामागे धावली, त्यांना मी दटावलं. मावशी ट्रेलरच्या मागे चालत होती. तिच्या डोक्यावर टॉवेलात गुंडाळलेला तो दगड होता. कुणाला हात लावू दिला नाही तिने.

वड उभा राहिला, पण तो वड दिसत नव्हता. फांद्या नाहीत, पान नाही, नुसता जाड राखाडी खांब. गावातले टारगट त्याला टॉवर म्हणू लागले, रेंज येते का म्हणून विचारायचे. दादा रोज सकाळी टँकर घेऊन जायचा. गाळप सुरू झालं, थंडी गेली, ऊन वाढलं, तलावाचं पाणी खाली गेलं, तरी खांब तसाच. वहिनी एकदा मला म्हणाली की ह्यांना आता कुणी तरी सांगायला पाहिजे. मी सांगायला गेले. दादा लेपाच्या भेगा बुजवत होता. मीही बादली घेतली.

एप्रिलच्या एका सकाळी त्याचा फोन आला. तो काही बोलत नव्हता, मला वाटलं बाबांना काही झालं. मग म्हणाला, "तांबडं दिसून राहिलं गं. टोकाला. ये बघायला."

खोडाच्या एका बाजूला, जुन्या कापाच्या खाली, नखाएवढे तांबूस कोंब आले होते. दुसरी बाजू मात्र कधीच फुटली नाही. पुढच्या वर्षी ती वाळून भुगा व्हायला लागली आणि दादाने ती स्वतः कापून काढली. म्हणून आज आमचा वड एकांगी आहे, तलावाकडे झुकल्यासारखा. अर्ध्याच झाडावर पारंब्या सुटल्यात. पाखरंही सगळी आली नाहीत. मधली वर्षं ती कुठे गेली कोण जाणे. पोपट मला नंतर साखर कारखान्याच्या निलगिरींवर दिसले. बगळ्यांचा पत्ता लागला नाही. दादाला मी एकदा म्हटलं की तू एवढं केलंस. तो म्हणाला, रस्त्यावर किती झाडं व्हती ते तुला ठाऊक हाय ना. मग त्याने विषय बदलला.

रस्ता चांगला झाला आहे. मी रोज त्यावरून जाते आणि कॉलेजात वेळेत पोचते. दुभाजकात कण्हेर लावली आहे, बाजूला नवी रोपं आहेत. त्यातली निम्मी मेली आणि पुन्हा लावली गेली. मावशीची टपरी सर्व्हिस रोडला गेली. तिथे सावली नाही म्हणून तिने पत्र्याचं छप्पर टाकलंय, आणि दगडाला पाणी घालायला ती दर सकाळी तलावाकडे चालत जाते.

दादाला आता कुठून कुठून फोन येतात. किनवटकडून एकदा आला होता, रस्त्यातल्या मोहाच्या झाडासाठी. तिथे तो जाऊन बघून आला आणि म्हणाला, हे हलवू नका, रस्ताच जरा वळवा. तिथल्या लोकांनी भांडून तो वळवून घेतला. एका ठिकाणी त्याने हलवलेलं कडुनिंबाचं झाड मेलं. तो तिथे नंतर दोनदा जाऊन आला.

गेल्या वर्षी लातूरकडच्या मुरुडजवळच्या एका गावातून बोलावणं आलं. बाजाराच्या रस्त्यात चिंचेची दोन झाडं येत होती. मला सुट्टी होती म्हणून मी त्याच्याबरोबर गेले. गावाने मंडप टाकला होता, शाल, नारळ, फोटो काढायला माणूस, सगळी तयारी. एकाने माइकवर दादाला वृक्षमित्र म्हटलं. दादा अवघडून उभा राहिला. शाल अंगावर घालायला लागले तेव्हा त्याने ती हातात घेतली आणि खुर्चीवर ठेवली.

"ही झाडं जगतीलच असं म्या म्हणणार न्हाई," तो म्हणाला. "आधी मला सांगा, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार?"

मंडपात कुजबुज झाली. ग्रामपंचायतीकडे टँकर आहे, कुणी म्हणालं. दादाने विचारलं की टँकर चालवणार कोण, आणि टँकर बंद पडला तर कोण. पुढारी म्हणाले, ते नंतर बघू, आधी मशीन तर लावा. दादा खुर्चीवर बसला. रागावला नाही, पण उठलाही नाही. ऊन चढत होतं, क्रेनवाला घड्याळ बघत होता. मला लाज वाटायला लागली की परक्या गावी पाहुणा म्हणून येऊन हा हट्ट करतोय. एकदोन माणसं उठून गेली.

तेव्हा मागच्या बाजूने बचत गटाच्या बाया पुढे आल्या. त्यांच्यातली एक, कडेवर लेकरू असलेली, म्हणाली की पाणी आम्ही घालू. आमच्या बोअरवरनं पाइप येतो तिथपर्यंत. सोमवारी कोण, मंगळवारी कोण, ते आम्ही आमचं ठरवू.

दादाने तिला विचारलं की पाइप नेमका कुठवर येतो. ती त्याला दाखवायला घेऊन गेली. दोघं चिंचांखालून, मंडपाच्या पलीकडे, बोअरपर्यंत चालत गेले आणि परत आले. मग तो मशीनकडे गेला.